पाणी कोमट, वारा गार: इंदूरला बसून बफेलोच्या बर्फाचा अंदाज कसा बांधावा

रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर… इंदूरच्या या भागांतल्या अनेक मराठी घरांतलं कुणी ना कुणी आज अमेरिकेत नाहीतर कॅनडात आहे. त्यातले बरेच जण तिथल्या पाच मोठ्या सरोवरांच्या (सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी, ओंटारिओ) आसपास राहतात: बफेलो, रोचेस्टर, सिरॅक्यूज, क्लीव्हलँड, टोरांटो. नोव्हेंबर लागला की फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आज किती डिग्री आहे रे तिकडे?" बर्फाच्या बाबतीत हा प्रश्न फारसा कामाचा नाही. उणे १५ असेल आणि आकाश स्वच्छ असेल, तर थंडी बोचते पण रस्ते चालू राहतात. उलट शून्याच्या आसपास तापमान असताना वारा पश्चिम-नैऋत्येकडून सरोवराच्या लांबीवरून आला, तर एका रात्रीत दारातली गाडी दिसेनाशी होते. विचारायचं ते हे: वारा कुठून येतोय, आणि येताना किती पाण्यावरून येतोय?

हे इंदूरला बसून, मोबाइलवर, फुकट पाहता येतं. दिवसातून दहा-पंधरा मिनिटं पुरतात. तिकिटं काढायची असोत, विमानतळावरून मुलं न्यायला येणार असोत, किंवा नुसती काळजी कमी करायची असो, खालची पद्धत उपयोगी पडते.

आधी गोष्ट समजून घ्या

पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. ऑगस्ट-सप्टेंबरात तापलेलं सरोवर नोव्हेंबरातही कोमट राहतं, तेव्हा आजूबाजूची जमीन केव्हाच गारठलेली असते. अशा वेळी उत्तरेकडची कोरडी, थंडगार हवा पाण्यावर येते. खालून ऊब मिळते, वाफ मिळते, हवा हलकी होऊन वर चढते. वर थंडीत त्या वाफेचे ढग होतात, ढगांत हिमकण वाढतात, आणि पलीकडच्या काठावर पोचल्यावर बर्फ पडू लागतं. काठावर दोन गोष्टी आणखी भर घालतात. जमिनीच्या खडबडीतपणामुळे वारा मंदावतो, मागून येणारी हवा त्यावर चढते. पुढे टेकड्या असतील तर हवा आणखी उचलली जाते. सरोवराच्या ज्या बाजूला वारा वाहत जातो त्या बाजूला बर्फाचा पट्टा असतो, तो यामुळे. मिशिगन सरोवराच्या पश्चिम काठावरच्या मिलवॉकीला हिवाळ्यात सरासरी ५० इंचांच्या आत बर्फ पडतं. पाण्याच्या पूर्वेकडच्या ग्रँड रॅपिड्सला ७० इंचांहून जास्त. मधे फक्त पाणी आहे.

माळव्यातल्या माणसाला यातली एक गोष्ट पटकन कळेल. आपल्याकडे मावठा पडून गेला, आभाळ मोकळं झालं, की मग उत्तरेचा वारा सुटतो आणि खरी थंडी पडते. तिकडेही तसंच. मोठं वादळ पुढे सरकलं की त्याच्या मागून थंड हवा सरोवरावर येते. टीव्हीवर "वादळ गेलं" असं सांगतात आणि त्यानंतर काठावर बर्फाची भट्टी पेटते. म्हणून वादळ ओसरल्यानंतरचे ३६ ते ४८ तास जास्त बारकाईने पाहा.

यशवंतसागरावर एक सकाळ

नकाशे उघडण्याआधी हे एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावं, असा आमचा आग्रह आहे. डिसेंबर-जानेवारीत, रात्र निरभ्र आणि वारा अगदी मंद असेल अशी सकाळ निवडा. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी यशवंतसागरच्या किंवा सिरपूर तलावाच्या काठी, जिथे लोकांना जायला मुभा आहे अशाच जागी पोचा. सोबत दोन डिजिटल थर्मामीटर, दोरी बांधलेली छोटी बादली, दोन-चार उदबत्त्या आणि मोबाइलमधला होकायंत्र.

थर्मामीटर आदल्या दिवशी घरी तपासा. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी एका ग्लासात घेऊन ढवळा, त्यात टोक पाच मिनिटं बुडवून ठेवा. आकडा शून्य यायला हवा. ०.८ आला तर पुढच्या प्रत्येक मोजणीतून ०.८ वजा करा. तलावावर बादली काठापासून जमेल तितकी लांब टाकून पाणी काढा, कारण काठाचं उथळ पाणी रात्रीत जास्त निवतं आणि फसवतं. बादली वर आली की मिनिटभराच्या आत, ढवळत मोजा. उशीर केला तर बाष्पीभवनाने बादलीतलं पाणी गार होत जातं. हवेचं तापमान जमिनीपासून सव्वा मीटरवर मोजा, थर्मामीटर अंगापासून लांब धरून. उदबत्तीच्या धुराने वाऱ्याची दिशा बघा. मग वारा जिकडून येतो तो काठ आणि वारा जिकडे जातो तो काठ, दोन्हीकडे हवेची नोंद घ्या.

पाणी आणि हवा यांच्यात चांगला फरक असेल तर पाण्यावर वाफ तरंगताना दिसेल. चहाच्या आधणावर दिसते तशीच. सरोवरातून बर्फ होण्याची पहिली पायरी हीच. इथे ती पहिल्याच पायरीवर थांबते, आणि का थांबते ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. यशवंतसागरचं क्षेत्र साधारण ८२३ हेक्टर, म्हणजे ८ चौरस किलोमीटरच्या थोडं वर. बफेलोच्या शेजारचं ईरी सरोवर २५,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे तीन हजारांहून जास्त यशवंतसागर. ताशी ७ किलोमीटरचा वारा आपला तलाव अर्ध्या तासात ओलांडतो. ईरीच्या ३८८ किलोमीटर लांबीवरून सेकंदाला १५ मीटर वेगाचा वारासुद्धा ७ तास पाणी पीत जातो. आपल्या तलावावर हवेचा तळाचा थोडासा थर गरम होतो; तिकडे दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंतची हवा घुसळून निघते.

पहिली तपासणी: पाण्याचं तापमान

आता मोबाइल. अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या ग्रेट लेक्स एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च लॅबोरेटरीच्या संकेतस्थळावर पाचही सरोवरांचं पृष्ठभागाचं तापमान आणि किती भाग गोठला आहे, हे रोज मिळतं. बफेलोच्या हवामान कार्यालयाच्या पानावर ईरीच्या पाण्याचा आकडा फॅरेनहाइटमध्ये असतो. तो शहराच्या पाणीपुरवठा केंद्रावर ३० फूट खोलीवर मोजलेला असतो, हे ध्यानात असू द्या. शरदात पाणी वरखाली घुसळलेलं असतं, त्यामुळे तो पृष्ठभागाशी बऱ्यापैकी जुळतो.

फॅरेनहाइटमधून ३२ वजा करा, ५ ने गुणा, ९ ने भागा. ४८ फॅरेनहाइट म्हणजे जवळजवळ ९ सेल्सियस. ३२ दिसलं म्हणजे पाणी गोठणबिंदूला टेकलं.

दुसरी तपासणी: दीड किलोमीटर वरची हवा

इथे बहुतेक लोक चुकतात, कारण ते जमिनीवरचं तापमान बघतात. हवामानतज्ज्ञ बघतात ते ८५० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीचं, म्हणजे समुद्रसपाटीपासून साधारण १५०० मीटरवरचं. विंडी या हवामानाच्या ॲपमध्ये तापमानाचा थर निवडा, उंचीची पट्टी वर सरकवून "८५०" किंवा "१५०० मीटर" वर आणा, सरोवराच्या मध्यावर बोट दाबून धरा. आकडा येतो.

पाण्याच्या तापमानातून हा आकडा वजा करा. फरक १३ अंश सेल्सियस किंवा जास्त असेल तर बर्फाची भट्टी पेटू शकते. १३ का? वर चढणारी कोरडी हवा दर किलोमीटरला ९.८ अंशांनी थंड होते. सरोवर आणि ८५० ची पातळी यांच्यात सुमारे १.३ किलोमीटर अंतर असतं. दोन्हींचा गुणाकार १३ च्या जवळ येतो. वरची हवा यापेक्षा जास्त थंड असली की पाण्यावरून उठलेली हवा आजूबाजूच्या हवेपेक्षा ऊबदारच राहते आणि चढत जाते. फरक १३ पेक्षा कमी असला तर ती मधेच थबकते.

नोव्हेंबरात पाणी ९ आणि वर उणे ८ असेल तर फरक १७. धोका. फेब्रुवारीत पाणी २ आणि वर उणे ८ असेल तर फरक १०. बाहेर फेब्रुवारीची थंडी जास्त असूनही सरोवर काही करणार नाही. थंडी आणि बर्फ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या दोन ओळींत दिसतं.

तिसरी तपासणी: वाऱ्याची दिशा आणि पाण्यावरची धाव

सगळ्यात महत्त्वाची तपासणी ही. हवेने पाण्यावरून किमान ८०-१०० किलोमीटर तरी प्रवास केलेला हवा. जितका जास्त, तितकं बर्फ जास्त. ईरी आणि ओंटारिओ ही दोन्ही सरोवरं लांबट, पूर्व-पश्चिम पसरलेली आहेत. ईरीची लांबी ३८८ किलोमीटर, रुंदी ९२. ओंटारिओची लांबी ३११, रुंदी ८५. वारा आडवा आला तर पाण्यावरची धाव जेमतेम ९० किलोमीटर, आणि बर्फाचे अनेक बारीक पट्टे होतात, हलके. वारा लांबीला धरून आला तर सगळी ताकद एका जाड पट्ट्यात गोळा होते. दोन्ही काठांवरची थंड हवा पाण्याच्या मध्याकडे ओढली जाते, मधोमध आदळते आणि उचलली जाते. त्या एका पट्ट्याची रुंदी १०-२० किलोमीटर असू शकते. त्यात तासाला २ ते ३ इंच बर्फ पडणं नवलाचं नाही. कधी विजाही कडाडतात.

वाऱ्याची दिशा अंशांत सांगतात, आणि तो ज्या दिशेकडून येतो ती दिशा असते. २७० म्हणजे पश्चिमेकडून. होकायंत्रावर आधी सराव करून घ्या, कारण बाण उलटा वाचणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे.

बफेलो ईरीच्या पूर्व टोकाला आहे. वारा २४० ते २५० अंशांवर, म्हणजे पश्चिम-नैऋत्येकडून असला की पट्टा शहरावर किंवा त्याला लागून दक्षिणेच्या आणि पूर्वेच्या उपनगरांवर येतो: हॅम्बर्ग, ऑर्चर्ड पार्क, लँकास्टर. वारा नैऋत्येकडे झुकला तर पट्टा उत्तरेला नायगाऱ्याकडे सरकतो. पश्चिमेकडे किंवा त्यापुढे वळला तर दक्षिणेच्या टेकड्यांवर जातो आणि शहर मोकळं होतं. ओंटारिओच्या पूर्व टोकाजवळच्या वॉटरटाउनला सरोवरावरून असाच पश्चिम-नैऋत्येचा वारा लागतो. सिरॅक्यूजला मात्र वायव्येचा, ३०० ते ३२० अंशांचा. मुलगी सिरॅक्यूजला आणि मुलगा बफेलोत असेल तर एकाच दिवशी दोघांची काळजी सहसा करावी लागत नाही. क्लीव्हलँडमध्येही फरक करा: शहराच्या पश्चिम भागात कमी, पूर्वेकडे उंच भागात, चार्डनच्या बाजूला, कितीतरी जास्त. टोरांटो ओंटारिओ सरोवराच्या वायव्य काठावर आहे. थंड वारा तिथून पाण्याकडे जातो, पाण्याकडून येत नाही. म्हणून टोरांटोला सरोवराचं बर्फ क्वचितच छळतं, पण उत्तरेला बॅरीला ह्युरॉन सरोवराच्या जॉर्जियन उपसागरावरून ते भरपूर मिळतं.

दहा अंशांचा फरक किती मोठा, ते एका हिशेबाने समजेल. सरोवराच्या मध्यापासून १०० किलोमीटरवरच्या काठाशी १० अंश म्हणजे सुमारे १७ किलोमीटर. राऊपासून अरबिंदो हॉस्पिटलच्या चौकाकडे जाण्याइतकंच. नोव्हेंबर २०१४ मध्ये नेमकं हेच झालं. बफेलोच्या दक्षिणेच्या उपनगरांत तीन दिवसांत ५ फुटांहून जास्त बर्फ पडलं, थ्रूवे या महामार्गावर गाड्या अडकल्या, आणि त्याच वेळी शहराच्या उत्तर भागात जेमतेम काही इंच होतं. एका बाजूला बर्फाची भिंत उभी, दुसऱ्या बाजूला ऊन. म्हणून "बफेलोत बर्फ पडतंय का?" हा प्रश्न अपुरा आहे. उपनगराचं नाव घ्या, पिन कोडसारखा तिकडचा झिप कोड विचारून ठेवा आणि तोच हवामान खात्याच्या पानावर टाका.

चौथी आणि पाचवी तपासणी

या दोन झटपट होतात. वारा वरपर्यंत एकाच दिशेने वाहतोय का ते पाहा. विंडीत पृष्ठभाग, १५०० मीटर आणि ३००० मीटर या तिन्ही पातळ्यांवर दिशा बघा. खालची आणि वरची दिशा यांत ३० अंशांच्या आत फरक असेल तर पट्टा घट्ट बांधला जातो. ३० ते ६० मध्ये तो विस्कटतो. ६० च्या वर गेला की नुसता भुरभुराट.

दुसरं म्हणजे झाकण. वर कुठेतरी हवा थंड होण्याऐवजी पुन्हा गरम होऊ लागते, त्या थराला इन्व्हर्जन म्हणतात. चढणारी हवा तिथे डोकं आपटून थांबते. विंडीत त्याच जागी बोट दाबून "साउंडिंग" उघडलं की तापमानाची रेघ उंचीनुसार दिसते. ती उजवीकडे वळते ते झाकण. १ किलोमीटरच्या खाली झाकण असेल तर काळजी नको, बाकी आकडे कितीही वाईट असोत. २ किलोमीटरच्या वर असेल तर गंभीर, ३ च्या वर असेल तर फार गंभीर. याच रेघेवर ढगांचा थर उणे १२ ते उणे १८ या पट्ट्यात येतोय का तेही बघा. या तापमानात मोठे, फांद्या असलेले हिमकण सगळ्यात वेगाने वाढतात आणि खाली पडून फुगलेला, पोकळ थर करतात.

गोठलेलं सरोवर

ईरी उथळ आहे, सरासरी खोली फक्त १९ मीटर. त्यामुळे ते लवकर तापतं, लवकर निवतं आणि बहुतेक हिवाळ्यांत बरंचसं गोठतं. गोठलं की वाफ बंद. म्हणून बफेलोचा खरा हंगाम नोव्हेंबर ते जानेवारीचा पूर्वार्ध. ओंटारिओ सरासरी ८६ मीटर खोल, ते फारसं गोठत नाही. त्याच्या पूर्वेचं टग हिल पठार मार्चपर्यंत बर्फ झेलतं. तिथल्या रेडफिल्ड गावी फेब्रुवारी २००७ मध्ये सुमारे दहा दिवसांत १४१ इंच बर्फ नोंदलं गेलं. सुपीरियर सगळ्यात खोल. त्याच्या दक्षिणेला पाण्यात घुसलेल्या कीविनॉ द्वीपकल्पावर १९७८-७९ च्या हिवाळ्यात एकूण ३९०.४ इंच, म्हणजे साडेबत्तीस फूट.

पण सरोवर गोठलं म्हणजे सुटलो, असं समजू नका. जानेवारी १९७७ मध्ये ईरी पूर्ण गोठलं होतं आणि त्या बर्फावर आठवड्यांचा भुसभुशीत हिमाचा थर साचला होता. २८ जानेवारीला प्रचंड वारा सुटला आणि तो सगळा थर उचलून बफेलोवर आणून टाकला. नवीन बर्फ फारसं पडलंच नव्हतं. वाऱ्याने जुनंच आणलं. गोठलेल्या सरोवरावर सैल हिम असेल आणि वाऱ्याचे झोत ताशी ७०-८० किलोमीटरच्या वर जाणार असतील, तर धोका कायम आहे.

अंदाज कुठे चुकतो

विंडीतलं नेहमीचं युरोपीय मॉडेल, म्हणजे संगणकाने मांडलेला अंदाज, ९ किलोमीटरच्या जाळीवर चालतं. १५ किलोमीटरचा पट्टा त्यात एक-दोन चौकोनांत मावतो, त्यामुळे मॉडेल तो पसरवून पातळ करतं. पट्ट्याच्या मधलं बर्फ कमी आणि कडेचं जास्त दाखवतं. शेवटच्या दोन दिवसांत अमेरिकेचं ३ किलोमीटर जाळीचं एचआरआरआर मॉडेल लावा, ते पट्टा जास्त नेमका धरतं. पाच दिवस आधी "अमुक इंच" असा आकडा कुणी सांगितला तर त्यावर विसंबू नका. त्या वेळी फक्त इतकंच धरा की थंड हवा येतेय आणि वारा साधारण या बाजूचा असेल.

युरोपीय मॉडेल दिवसातून मुख्यतः दोनदा नवं होतं, भारतीय वेळेनुसार पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या निरीक्षणांवर. निकाल हाती यायला आणखी सहा-सात तास लागतात. त्यामुळे दुपारच्या जेवणानंतर एकदा पाहणं पुरे. मधे तासातासाला उघडून बसलं तरी नवीन काही दिसणार नाही.

वेळेचा घोटाळा हमखास होतो. हिवाळ्यात बफेलो, टोरांटो, क्लीव्हलँड आपल्या साडेदहा तास मागे, शिकागो साडेअकरा तास. विंडी तुमच्या फोनची वेळ दाखवत असेल, तर "शनिवारी सकाळी ७" म्हणजे तिकडची शुक्रवारची रात्र साडेआठ. ॲपच्या सेटिंगमध्ये स्थानिक वेळ निवडा आणि वहीत दोन्ही वेळा लिहा.

रडारवर काहीच दिसत नाही म्हणून बर्फ नाही, असं नसतं. सरोवराचे ढग बुटके असतात. रडारचा सगळ्यात खालचा किरण अर्ध्या अंशाने वर जातो, आणि पृथ्वीच्या गोलाईमुळे १०० किलोमीटरवर तो जमिनीपासून जवळजवळ दीड किलोमीटर उंच असतो. ढगाचा वरचा भागच त्याला दिसतो. रडारपासून दूरच्या गावासाठी रस्त्यांवरचे सरकारी कॅमेरे जास्त खरे.

आणि बर्फाची जाडी म्हणजे पाण्याचं वजन नाही. साधारण हिमात १० सेंटिमीटर जाडीत १ सेंटिमीटर पाणी असतं. सरोवराच्या फुगीर हिमात २० सेंटिमीटरला १, कधी ३० ला १. अशा हिमाचा ३० सेंटिमीटर थर चौरस मीटरला १५ किलोच्या आसपास भरतो. ओलसर असेल तर ३०. फावडं मारणाऱ्याची कंबर आणि छत या दोघांना हा फरक कळतो. नोव्हेंबरातलं, शून्याच्या जवळचं बर्फ जड असतं.

शेवटचं पाहणं म्हणजे माणसाचं लिहिलेलं. बफेलोच्या हवामान कार्यालयाची "फोरकास्ट डिस्कशन" रोज अनेकदा निघते. त्यात पट्टा कुठून कुठे, किती वाजता सरकेल हे सांगितलेलं असतं. आकडे पाहून झाल्यावर ती वाचलीत की ओळखीचे शब्द भेटतील. "वॉच" म्हणजे शक्यता, तयारी करा. "वॉर्निंग" म्हणजे होतंय किंवा होणार, बाहेर पडू नका. कॅनडात हेच "स्नो स्क्वॉल" या नावाने येतं.

तिकडच्यांना काय सांगायचं

पट्टा अंगावर असताना गाडी काढायची नाही. पट्टा काही तासांत सरकतो. थांबणं हाच उपाय. गाडी अडकलीच तर इंजिन चालू करण्याआधी मागचा धुराचा पाइप बर्फातून मोकळा करायचा, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड गाडीत भरतो आणि माणूस झोपेतच जातो. मग दर तासाला दहा मिनिटं इंजिन, एक खिडकी बोटभर उघडी. गाडीत फावडं, ब्लँकेट, पाणी, चार्जर आणि खाण्याचं काहीतरी हिवाळाभर राहू द्यावं. शेंगदाण्याचा लाडू फार चांगला, गोठला तरी खाता येतो.

घरी बाहेरच्या भिंतीतून निघणाऱ्या, घर तापवणाऱ्या फर्नेसच्या आणि कपडे वाळवायच्या ड्रायरच्या पाइपांची तोंडं रोज साफ करायची. बर्फ त्यांवर साचलं तर फर्नेस बंद पडतो किंवा धूर घरात येतो. तीन दिवसांची औषधं घरात असावीत. डिसेंबर २०२२ च्या हिमवादळात बफेलो भागात ४० हून जास्त माणसं गेली; त्यांतली बरीच बाहेर अडकून, गाड्यांत, किंवा रुग्णवाहिका पोचू न शकल्याने. प्रवासबंदी जाहीर झाली की ती कायद्याने बंधनकारक असते, दूध आणायलाही निघायचं नाही.

तुम्ही स्वतः जाणार असाल तर तिकीट काढताना न्यूयॉर्क, शिकागो किंवा टोरांटोला उतरून पुढे लहान विमानाने जाण्याचा टप्पा नोव्हेंबरअखेर ते जानेवारी मध्यात सकाळचा ठेवा. सकाळचं विमान रद्द झालं तर दिवसभरात दुसरं मिळायची आशा राहते.

एक छोटी वही घाला. तारीख, पाण्याचं तापमान, ८५० चं तापमान, फरक, वाऱ्याचे अंश, वरचा-खालचा फरक, झाकणाची उंची, आणि शेवटच्या रकान्यात मुलाने दाराशी फूटपट्टी लावून मोजलेलं बर्फ. मोजताना सपाट फळी बाहेर ठेवून त्यावरचं मोजायला सांगा. गवतावर बर्फ अधांतरी राहतं, आकडा फुगतो. भिंतीजवळ वाऱ्याने ढीग लागतो. सहा तासांनी मोजून फळी पुसायची. पंधरा-वीस नोंदी झाल्या की त्या एका घरासाठी कोणते अंश वाईट ते तुमच्या वहीत उतरलेलं असेल. एखाद्या घराला २४५ वर भरपूर येतं आणि २५५ वर काहीच नाही. इतकं बारीक कुठलंच ॲप सांगत नाही.